भ्रमनिरास कोणाचा आणि कोणाच्या पगारावर?

सत्यजित राय यांची जन्मशताब्दी २०२१ मध्ये, मृणाल सेन यांची २०२३ मध्ये आणि ऋत्विक घटक यांची नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. या निमित्तांनी झालेल्या परिसंवादांत आणि लेखनात १९७०च्या आसपासच्या कलकत्त्याविषयी एक शब्दप्रयोग सतत कानी पडत राहिला: शहरी तरुणाचा भ्रमनिरास. तो उच्चारला की डोळ्यांसमोर उभा राहतो तो एकच चेहरा. प्रमाणपत्रांची फाइल काखेत मारलेला, घामेजलेला, मुलाखतीच्या दालनातून अपमानित होऊन बाहेर पडणारा सुशिक्षित पुरुष. हा शब्दप्रयोग आता फार गुळगुळीत झाला आहे, आणि गुळगुळीत झालेल्या नाण्यावर मुद्रा कोणाची ते दिसत नाही.

या शब्दाची दोन गिऱ्हाइके आहेत. पहिले गिऱ्हाईक बूर्झ्वा समीक्षक. बेकारी म्हटली की कारखाना, भांडवल, सरकारी धोरण यांची नावे घेणे भाग पडते. भ्रमनिरास म्हटला की केवळ मनाविषयी बोलून भागते. मग 'प्रतिद्वंद्वी'मधला सिद्धार्थ चौधुरी हा कलकत्त्याच्या नोकरीबाजाराने दारात उभा करून ठेवलेला उमेदवार राहत नाही. तो आधुनिक मानवाच्या एकाकीपणाचे प्रतीक होतो. १९६६ नंतर रेल्वे वॅगनच्या सरकारी मागण्या आखडल्या, हावड्याच्या अभियांत्रिकी कारखान्यांवर मंदी कोसळली, कार्यालयांतील भरती आटली, या गोष्टींना अशा समीक्षेत तळटीपेइतकीही जागा मिळत नाही.

दुसरे गिऱ्हाईक डाव्या वर्तुळातच आहे, आणि त्याच्याशी अधिक स्पष्टपणे बोलले पाहिजे. हा समीक्षक हातात गुणपत्रिका घेऊन बसतो. रायांचा नायक शेवटी बालूरघाटला औषधे विकायला जातो, म्हणून गुण वजा. सेनांचा नायक दुकानाच्या दर्शनी काचेवर दगड घालतो, म्हणून गुण अधिक. राय आणि सेन या दोघांचा वाद जुना आहे. 'आकाशकुसुम' या सेनांच्या चित्रपटावरून १९६५ मध्ये 'स्टेट्समन'च्या पत्रव्यवहारात दोघे एकमेकांवर तुटून पडले होते आणि वाचकांनीही त्यात उडी घेतली होती. त्याला साठ वर्षे झाली. तरीही राय की सेन, खिन्न नायक की संतप्त नायक, याच वर्तुळात आमची समीक्षा घाण्याच्या बैलासारखी फिरते आहे.

या दोन्ही समीक्षकांच्या नजरेतून एक अगदी घरगुती प्रश्न निसटला आहे. हा तरुण बेकार आहे. तर मग घर कशावर चालते? भाडे कोण भरते? सिगारेटचे पैसे कोठून येतात? मार्क्सवाद्याने हा प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा होता. चित्रपटांनी त्याचे उत्तर स्वच्छ देऊन ठेवले आहे. ते वाचण्याची तसदी मात्र फार थोड्यांनी घेतली.

सुतपाचा पगार

सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवर रायांनी १९७० मध्ये केलेल्या 'प्रतिद्वंद्वी'तील मुलाखत प्रसिद्ध आहे. गेल्या दशकातील सर्वांत महत्त्वाची घटना कोणती, असे विचारले असता सिद्धार्थ चंद्रावरचे मानवाचे पाऊल सांगत नाही. व्हिएतनामचे युद्ध सांगतो. चंद्रस्वारी तंत्रज्ञानाच्या ओघात येणारच होती, पण सामान्य शेतकरी माणसे एवढ्या बलाढ्य शक्तीपुढे असे उभे राहतील हे कोणाला ठाऊक नव्हते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. लगेच पुढचा प्रश्न येतो: आपण कम्युनिस्ट आहात काय? नोकरी तेथेच संपते. हा प्रसंग पाहून आमच्या कार्यकर्त्यांची छाती फुगते, आणि ते स्वाभाविक आहे.

परंतु त्याहून मोलाचा प्रसंग शेवटच्या मुलाखतीचा आहे. कडक उन्हाळा, अरुंद मार्गिका, ताटकळलेले असंख्य उमेदवार आणि बसायला मोजक्या खुर्च्या. एक जण भोवळ येऊन पडतो. तेव्हा मागणी होते ती क्रांतीची नव्हे, खुर्च्यांची. ज्याने आयुष्यात एकदा तरी कारखान्याच्या फाटकावर सभा घेतली आहे त्याला या मागणीची किंमत कळेल. पिण्याचे पाणी, पंखा, बसायला बाक, संडास: कामगार चळवळीचे पहिले धडे असेच गिरवले गेले. मागणी झिडकारली जाते, आणि पुढे उमेदवारांना तसेच उभे ठेवून साहेब जेवायला उठतात तेव्हा सिद्धार्थ आत घुसून टेबल उलथतो. उलथतो तो एकटाच. मार्गिकेत रांगेत उभे असलेले तरुण त्याच्या डोळ्यांना क्षणभर हाडांचे सापळे दिसतात. पण सापळ्यांची संघटना होत नाही. हे रायांचे अपयश म्हणावे, की १९७०च्या पांढरपेशा बेकारांचे नेमके वर्णन? दुसरेच अधिक खरे आहे.

आता घराकडे वळावे. वडील वारले, म्हणून सिद्धार्थला वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले. धाकटा भाऊ टुनू नक्षलवादी राजकारणात ओढला गेला आहे. या घरात नियमित पगार आणते ती बहीण सुतपा. ती एका साहेबाची सेक्रेटरी आहे. साहेबाशी तिचे नाव जोडले जाते, साहेबाची बायको घरी येऊन आईला चार शब्द सुनावून जाते, आणि आमचा व्हिएतनामप्रेमी नायक खवळतो. कशावर? पगार अपुरा आहे यावर नव्हे, कार्यालयात तिला कोणत्या अटींवर काम करावे लागते यावर नव्हे, घराण्याच्या अब्रूवर. तो साहेबाचा जाब विचारायला त्याच्या घरी जातो आणि काहीही न करता परततो. सुतपा मात्र लाजत नाही, रडत नाही. तिला पुढे जायचे आहे, जाहिरातीत मॉडेल व्हायचे आहे, नाच शिकायचा आहे. घराच्या गच्चीवर ती भावाला नाचाची पावले दाखवते, तेव्हा ती त्या घरातील एकमेव व्यक्ती आहे जिला उद्याविषयी काही ठरवता येते.

समीक्षकांनी तिच्याविषयी काय लिहिले? मूल्यांचा ऱ्हास! भाऊ बेकार असला की तो भ्रमनिरास, आणि बहीण मिळवती झाली की तो ऱ्हास. हा निवाडा कोणत्या वर्गाच्या न्यायासनावरून दिला जातो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

येथे एका शब्दाविषयी थोडे. बंगालीत नोकरीला सर्रास 'चाकरी' म्हणतात. त्यात कमीपणा नाही. मराठीत तो शब्द आला की धन्याच्या दारात हात जोडून उभा असलेला माणूस दिसतो. या चित्रपटांचे संवाद मराठीत आणताना 'नोकरी' असेच लिहावे लागेल, कारण अचूक तेच; परंतु सुतपाच्या बाबतीत मराठी अर्थच सत्याच्या अधिक जवळ जातो.

ऑर्डर

'जन अरण्य' आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये पडद्यावर आला. शंकर यांच्या कादंबरीवरचा हा रायांचा तिसरा कलकत्ता-चित्रपट. सोमनाथच्या उत्तरपत्रिकेतील बारीक अक्षर परीक्षकाला चष्म्यावाचून वाचता येत नाही, म्हणून त्याचा ऑनर्स हुकतो. मुलाखतीत त्याला चंद्राचे वजन विचारले जाते. नोकरी नाही, तेव्हा तो धंद्यात पडतो. धंदा म्हणजे दलाली: एकाकडून घ्यायचे, दुसऱ्याला द्यायचे, मधले पैसे खिशात टाकायचे. उत्पादनाशी काही संबंध नसलेला, भांडवलशाहीच्या फटीत जगणारा हा तरुण रायांनी ज्या निष्ठुरपणे रेखाटला आहे त्याला तोड नाही. जे अजूनही रायांना केवळ कोमल मानवतावादी समजतात त्यांनी हा चित्रपट पुन्हा पाहावा.

एका गिरणीची मोठी ऑर्डर मिळवायची तर तेथील अधिकाऱ्याला एक मुलगी पुरवली पाहिजे, असा सल्ला जनसंपर्काचे तज्ज्ञ मित्तर सोमनाथला देतात. रात्रभर शोधाशोध होते. शेवटी टॅक्सीत येऊन बसते ती त्याच्या जिवलग मित्राची, सुकुमारची बहीण कौना. तिने धंद्यासाठी घेतलेले नाव जुथिका. सोमनाथ तिला ओळखतो, पैसे घे आणि घरी जा म्हणतो. ती नाकारते. आपण जुथिका आहोत, काम केल्याशिवाय पैसे घेणार नाही, असा तिचा पवित्रा आहे.

या नकारावर चित्रपट तोलला आहे. सोमनाथला दया दाखवून आपले हात स्वच्छ ठेवायचे आहेत, आणि ती त्याला ती सवलत देत नाही. ती खोलीत जाते, ऑर्डर मिळते, सोमनाथ घरी येऊन बातमी सांगतो आणि मूल्यनिष्ठ, वृद्ध वडील सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रेक्षक वडिलांसाठी आणि सोमनाथसाठी हळहळत बाहेर पडतो. आणि कौना? तिला दुसऱ्या रात्रीही जायचे आहे. तिच्या आत्म्याच्या अधःपाताविषयी कोणी प्रबंध लिहीत नाही, कारण तिच्याजवळ भ्रम नव्हताच. निरास कशाचा व्हावा?

येथे चित्रपटकारांनाही पूर्ण मोकळे सोडता येत नाही. रायांना सगळे दिसते, पण कॅमेरा अखेर सोमनाथबरोबर घरी जातो. 'सीमाबद्ध' (१९७१) मध्ये पंख्यांच्या कंपनीचा अधिकारी श्यामलेंदू निर्यातीचा सदोष माल लपवण्यासाठी कारखान्यात मुद्दाम अशांतता घडवून आणतो, टाळेबंदी होते, बॉम्ब फुटून पहारेकरी जखमी होतो आणि साहेबाला संचालकपद मिळते. मालकवर्ग स्वतः 'कामगार गोंधळ' कसा पैदा करतो याचा इतका उघड पाढा भारतीय चित्रपटात क्वचितच वाचला गेला असेल. तरी तो कामगार आणि तो पहारेकरी, दोघेही श्यामलेंदूच्या सदसद्विवेकाचे मोजमाप करण्यापुरतेच येतात. सेनांच्या 'इंटरव्ह्यू'त (१९७१) परदेशी कंपनीच्या मुलाखतीसाठी नायकाला सूट हवा असतो आणि लाँड्रीवाल्यांच्या संपामुळे सूट अडकून पडतो. संप येथे नायकाच्या वाटेतील धोंड आहे. कथा संपकऱ्यांच्या मागे जात नाही, सुटाच्या मागे जाते. गुणपत्रिकावाल्यांना हे दिसले नाही, कारण त्यांचे लक्ष शेवटच्या दगडावर होते.

एक गोष्ट मात्र सेनांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. १९७३च्या 'पदातिक'मध्ये सुमित हा भूमिगत कार्यकर्ता पोलिसांच्या गाडीतून निसटतो आणि जाहिरात क्षेत्रात नोकरी करणाऱ्या शीला मित्र यांच्या फ्लॅटमध्ये आसरा घेतो. क्रांतिकारकाचे ताटही येथे मिळवत्या स्त्रीच्याच घरचे आहे. तेथे बसून तो नेतृत्वाला प्रश्न विचारू लागतो, आणि चर्चा झाली ती सगळी याच प्रश्नांची. पण चित्रपटाचा शेवट आठवावा. आईच्या मृत्यूच्या वेळी सुमित लपत घरी येतो. ज्यांच्याशी त्याचे कधी पटले नाही ते वडील त्याला हळूच सांगतात की, संप करणार नाही असे लिहून देण्याच्या हमीपत्रावर त्यांनी सही केलेली नाही. बस्स, एवढेच. काच फुटत नाही, टेबल उलथत नाही. म्हातारा नोकरदार सही नाकारतो. ही भूमिका केली होती 'नबान्न'कार विजन भट्टाचार्य यांनी. जननाट्य संघाच्या त्या दिवसांपासूनचा इतिहास त्या चेहऱ्यावर आहे.

हेच विजनबाबू १९६० मध्ये घटकांच्या 'मेघे ढाका तारा'त नीताचे वडील होते. निर्वासितांच्या वसाहतीतील नीता शिकवण्या करते, पुढे शिक्षण सोडून नोकरी धरते. तिच्या पैशावर एक भाऊ गाण्याचा रियाज करतो आणि पुढे मुंबईत नाव कमावतो, प्रियकर अभ्यास करतो आणि धाकट्या बहिणीशी लग्न करतो, धाकटा भाऊ कारखान्यातील अपघातात सापडतो तेव्हा त्याचाही भार तिच्यावरच. तिच्या वाट्याला क्षय येतो. या नीताला समीक्षकांनी देवीच्या पंक्तीत बसवले. खुद्द घटकांनीही मातृरूपाच्या प्रतिमा वापरून ती वाट थोडी सोपी केली, हे नाकारता येत नाही. परंतु शिलाँगच्या डोंगरात जगण्यासाठी टाहो फोडणारी मुलगी देवी नाही. बिनमोबदल्याच्या श्रमाला त्याग म्हटले की हिशेब मागता येत नाही. आमच्या घराघरांतून ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, कार्यकर्त्यांची घरेही तिला अपवाद नाहीत.

'भ्रमनिरास' नक्षलबारीपासून सुरू झाला असे मानणाऱ्यांनी घटकांचा 'नागरिक'ही पाहावा. नोकरीच्या शोधात झिजणारा रामू आणि चांगल्या घरातून बकाल वस्तीत ढकलले जाणारे त्याचे कुटुंब, हा चित्रपट १९५२ मध्ये, 'पथेर पांचाली'च्या तीन वर्षे आधी पुरा झाला होता. तो प्रदर्शित झाला १९७७ मध्ये, घटक वारल्यानंतर. फाळणीने उद्‌ध्वस्त केलेल्या घरांतूनच भद्र समाजातील मुली प्रथम मोठ्या संख्येने कार्यालयांच्या आणि शाळांच्या पायऱ्या चढल्या. याच दशकांत हुगळीकाठच्या तागाच्या गिरण्यांतून कामगार स्त्रिया मात्र कमी होत गेल्या. मुंबईच्या कापडगिरण्यांत हेच घडले, हे मराठी वाचकास ठाऊक आहे. त्या गिरणीतल्या बाईला राय आणि सेन या दोघांच्याही कलकत्ता-मालिकांत जागा नाही. तिचा भ्रमनिरास चित्रित करण्यासाठी निदान तिला नायिका तरी करावी लागली असती.

आरतीचा राजीनामा

ज्यांना या चित्रपटांत लढाऊ कृती शोधायची आहे त्यांनी चुकीच्या दशकात शोध चालवला आहे. १९६३ साली रायांनी 'महानगर' केला. बँकेतील कारकुनाची पत्नी आरती घरोघर फिरून विणकामाची यंत्रे विकू लागते. सासऱ्यांना ते अपमानास्पद वाटते, नवरा आधी प्रोत्साहन देतो आणि मग कुरकुरतो. त्याची बँक बुडते. आता घर तिच्या एकटीच्या पगारावर. नेमक्या या वेळी तिची अँग्लो-इंडियन सहकारी ईडिथ हिला साहेब अन्यायाने काढून टाकतो. ईडिथ ना तिच्या जातीची, ना धर्माची, ना भाषेची. आरती साहेबाला माफी मागायला सांगते. तो नकार देतो. ती राजीनामा त्याच्या हाती ठेवते.

सिद्धार्थने टेबल उलथण्यापूर्वी सात वर्षे एका गृहिणीने दुसऱ्या कामगार स्त्रीसाठी स्वतःची भाकरी पणाला लावली होती. कामगारांची एकजूट या शब्दाला पात्र ठरेल असे कृत्य या सगळ्या चित्रपटांत दोघांनीच केले: आरतीने आणि 'पदातिक'मधल्या म्हाताऱ्याने. दोघांपैकी एकही तरुण पुरुष नाही, दोघांपैकी एकाचाही भ्रमनिरास झालेला नाही. कोणी म्हणेल, आरतीचा राजीनामा ही व्यक्तिगत नैतिकता झाली, संघटित लढा नव्हे. बरोबर आहे. पण टेबल उलथणे तरी कोणता संघटित लढा होता? त्याला मात्र पन्नास वर्षे फलकावर मिरवले.

सेनांनी १९७९ मध्ये 'एक दिन प्रतिदिन' करून या प्रश्नाच्या गाभ्याला हात घातला. कुटुंबातील एकटी मिळवती मुलगी चिनू एका संध्याकाळी कार्यालयातून परतत नाही. रात्रभर पोलीस ठाणे, इस्पितळ, शवागार यांच्या खेपा होतात. हळूहळू घरच्यांची काळजी दुसऱ्याच दोन भयांत रूपांतरित होते: शेजारी काय म्हणतील, आणि ती गेली तर आपले पोट कसे भरेल. धाकटी बहीण मिनू हे तोंडावर बोलून दाखवते. पहाटे चिनू परत येते. ती कोठे होती हे चित्रपट सांगत नाही, आणि प्रेक्षकाला तेच जाणून घ्यायचे असते. म्हणजे तोही त्या घराचाच सभासद ठरतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवर असलेल्या तरुण डॉक्टर स्त्रीवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री बंगालभर हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने जी सूचनापत्रिका काढली तीत, शक्य तेथे स्त्रियांना रात्रपाळी देण्याचे टाळावे असे सुचविले होते. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की स्त्रियांना सवलत नको, सुरक्षितता हवी. चिनूच्या घरमालकाने आणि शेजाऱ्यांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी जे कुजबुजत सुचविले होते तेच शासनाने शिक्क्यानिशी लिहून दिले.

नोकरीची ती रांगही संपलेली नाही. पश्चिम बंगालमधील शिक्षक भरतीत पैसे घेऊन नेमणुका विकल्याचे प्रकरण उघडकीस आले, जुलै २०२२ मध्ये माजी शिक्षणमंत्र्यांना अटक झाली, आणि ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१६च्या भरतीतील २५,७५३ शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नेमणुका रद्द ठरविल्या. पैसे न देता परीक्षा दिलेलेही त्यात भरडले गेले. 'जन अरण्य'मध्ये विकली जात होती ती गिरणीची ऑर्डर. आता विकली गेली शाळामास्तराची जागा.

या भरतीत डावलले गेलेले उमेदवार मैदानात गांधीजींच्या पुतळ्यापाशी धरणे धरून बसले होते. एकेकट्याने नव्हे, एकत्र बसले होते, आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ९ डिसेंबर २०२३ हा धरण्याचा १०००वा दिवस. त्या दिवशी एका उमेदवार स्त्रीने सर्वांसमक्ष मुंडण करून घेतले. त्याच आठवड्यात तेथून फार दूर नसलेल्या 'नंदन'मध्ये कोलकाता आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव चालू होता, आणि मृणाल सेन यांना जन्मशताब्दीनिमित्त आदरांजली वाहिली जात होती.